दाखवलं की गेलं: पेटंट-डिझाईन महानियंत्रकांना बीदरहून खुलं पत्र

मा. महानियंत्रक,
पेटंट, डिझाईन व व्यापारचिन्हे,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई



आपलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. मी बीदरची, माहेर भालकी तालुक्यातलं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कारखान्यात दखनी, असा आमचा दिवस तीन भाषांत जातो. आपल्याकडे अर्ज करायचा तर तो हिंदीत नाहीतर इंग्रजीत लागतो. त्यावर पुढे बोलेनच. आधी एका करंड्याची हकीकत सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या करंड्यात आहे.

आमचा कारखाना म्हणजे जुन्या बीदर शहरातल्या दोन खोल्या, एक भट्टी आणि चार कारागीर. बिदरीचं काम. नक्षी मी काढते, घडवतात ते. त्यांतले सगळ्यांत वडीलधारे आहेत त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांचे वडील, आजोबा याच कामात गेले. मी मराठी घरातून आलेली, हातात पेन्सिल होती एवढंच. पहिल्या दिवशी त्यांनी मला छिन्नी दिली आणि जस्ताच्या तुकड्यावर एक सरळ रेघ ओढायला सांगितली. मला ती जमायला आठवडा लागला. त्या आठवड्याने मला माझी जागा कळली आणि कामाची किंमतही कळली.

पाच वर्षांपूर्वी येळवसेला माहेरी गेले होते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, ती आमच्याकडे, म्हणजे लातूर, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात, शेतात साजरी होते. कडब्याची कोप, आत पूजा, आंबील, भज्जी. कोपीच्या तोंडाशी ज्वारीचं एक भरलेलं कणीस वाकलेलं होतं, दाणे दुधात होते. शेजारी आई पूजेचं ताट लावत होती आणि त्यात आजीचा लाकडी करंडा होता, खाली मेणाचा कप्पा, वर कुंकवाचा. दोन्ही एकदम दिसले आणि मला तिथेच वाटलं की बिदरीचा करंडा करायचा, कणसाच्या आकाराचा. झाकण म्हणजे कणसाचा वरचा निमुळता भाग, बुडाला दोन पानं, आणि दाणे चांदीचे.

सांगायला सोपं वाटतं. जस्तात थोडं तांबं घालून ओतकाम करायचं. मातीच्या साच्यात एरंडेल आणि राळ असते. झाकण आणि वाटी नेमकी बसायला हवीत. पहिले तीन साचे वाया गेले, चौथ्यात झाकण फिरलं. मग कानशीने घासून गुळगुळीत करायचं, मोरचुदाचं पाणी फासून तात्पुरतं काळं करायचं, म्हणजे छिन्नीची रेघ पांढरी उठून दिसते. त्यावर हाताने नक्षी कोरायची. पानांच्या शिरा तारेच्या, ती तारकशी. दाणे मात्र चांदीच्या पत्र्यातून एकेक कापून, खोलगट खोबणीत ठोकून बसवलेले. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती. चाचा ती जिभेवर ठेवून बघतात, चव घेऊन ठरवतात ही चालेल की नाही. ती माती आणि नवसागर पाण्यात उकळायचं, तापलेली वस्तू त्यात फिरवायची. जस्त काळंभोर होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. मग तेलाचा हात. मी शेकडो वेळा पाहिलं आहे, तरी काळ्यातून ते दाणे उजळतात तेव्हा अजून मला बोलणं सुचत नाही. पहिल्या करंड्याला नऊ दिवस लागले.

त्या पहिल्या नगात झाकणावर, वरून तिसऱ्या ओळीत, ओतकामात बारीकसं छिद्र राहिलं होतं. ते झाकायला चाचांनी तिथला दाणा किंचित तिरपा बसवला. मला तो आवडला, कणसात असा एखादा दाणा असतोच. पुढच्या सगळ्या करंड्यांत आम्ही तो दाणा मुद्दाम तिरपाच ठेवला.

दिवाळीच्या आधी पुण्यात एका प्रदर्शनात मी करंडे घेऊन गेले. बायकांनी हातात घेऊन पाहिले, झाकण उघडून मिटून पाहिलं, त्या प्रदर्शनात नेलेले सगळे विकले गेले. एका माणसाने विकत काही घेतलं नाही, पण चारी बाजूंनी फोटो काढले. मीच करंडा फिरवून फिरवून दाखवला. कौतुक करतोय असं वाटलं.

पाच महिन्यांनी पुण्याच्या मावसबहिणीने मोबाईलवर एक जाहिरात पाठवली. ‘बिदरी वर्क’ असं नाव, ज्वारीचा करंडा, किंमत माझ्या करंड्याच्या आठव्या हिश्शाहून कमी. मी एक मागवला. अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम, वर काळा रंग, दाणे रुपेरी शाईने छापलेले. नखाने ओरखडा काढला तर खालचं पांढरं दिसलं. आणि झाकणावर, वरून तिसऱ्या ओळीत, एक दाणा तिरपा होता.

आमच्या हातून राहिलेलं एक छिद्र त्यांनी छापखान्यात छापून घेतलं होतं. तो नग मी चाचांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग खाली ठेवून म्हणाले, "बाजार में गया सो सबका हो गया, बेटी." आणि पुन्हा छिन्नी उचलली. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

महोदय, आमच्या बाजारात प्रत्येक जण एकच सल्ला देतो: पेटंट घे. तो शब्द सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी वापरला जातो. मलाही माहीत नव्हतं. सोलापूरच्या एका वकीलबाईंनी समजावलं तेव्हा कळलं की पेटंट मिळतं ते नव्या शोधाला, यंत्राला, प्रक्रियेला, 20 वर्षांसाठी. बिदरीची प्रक्रिया शतकानुशतकांची आहे. बहमनींनी राजधानी कलबुर्गीहून बीदरला आणली त्या पंधराव्या शतकापासून हे काम इथे रुजलं असं मानतात. 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3 मध्येच लिहिलं आहे की पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. तसंच असायला हवं. उद्या कुणी किल्ल्यातल्या मातीने काळं करण्याचं पेटंट घेऊन चाचांनाच कामाला मनाई केली तर?

करंड्याचा आकार आणि त्यावरची नक्षी यांचं रक्षण करतो तो डिझाईन कायदा, 2000 सालचा. वस्तूचा घाट, तिच्यावरची नक्षी, रेषांची मांडणी, डोळ्यांना जे दिसतं ते. नोंदणी 10 वर्षांची, पुढे 5 वर्षं वाढवता येते. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला अर्जाची फी 1,000 रुपये. वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की त्यांचं पुढचं वाक्य ऐकायला मी थांबले नाही. त्यांनी हात धरून बसवलं. कलम 4: अर्जाच्या तारखेआधी ते डिझाईन कुठेही, भारतात किंवा बाहेर, छापून किंवा वापरून लोकांपुढे आलं असेल तर नोंदणी नाही. पुण्याच्या प्रदर्शनात मी स्वतःच्या हाताने फिरवून दाखवला होता. त्या क्षणी माझा हक्क संपला होता. चोराने नंतर चोरी केली, पण दार आधी मीच उघडून ठेवलं होतं, आणि ते दार होतं हेच मला ठाऊक नव्हतं.

मग कॉपीराइट? चित्र तर मी काढलं आहे. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, जे डिझाईन म्हणून नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याच्या 50 हून जास्त प्रती औद्योगिक प्रक्रियेने निघाल्या की तो कॉपीराइटही संपतो. आमचे करंडे तोवर 62 झाले होते. हाताने ठोकलेला करंडा ही औद्योगिक प्रक्रिया आहे का, यावर कोर्टात वाद घालता येईल, वकीलबाई म्हणाल्या. वाद घालण्याचा खर्च आमच्या वर्षाच्या कमाईहून जास्त.

उरलं ते नाव. ‘बिदरी’ या नावाला भौगोलिक निर्देशांक, ज्याला सगळे जीआय म्हणतात, 2005-06 मध्येच मिळालेला आहे. नोंदणी कर्नाटक राज्य हस्तकला विकास महामंडळाच्या नावावर. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर रंग फासून त्याला बिदरी म्हणणं बेकायदा. पण त्यासाठी दाद मागायची तर आपण नोंदणीकृत मालक असायला हवं किंवा अधिकृत वापरकर्ते. मी वापरकर्ती म्हणून नाव नोंदवलंच नव्हतं. त्याची फी 2020 पासून 10 रुपये आहे. 10 रुपये, महोदय. ती मला माहीत नव्हती आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक कारागिरांनाही नव्हती. आता मी अर्ज केला आहे, चाचांचाही केला आहे. पण समजा मी तेव्हा वापरकर्ती असते आणि त्या माणसाने नावात ‘बिदरी’ऐवजी नुसतं ‘ब्लॅक सिल्व्हर करंडा’ लिहिलं असतं, तर जीआय काहीच करू शकला नसता. जीआय गावाचं आणि कुळाचं नाव सांभाळतो. त्या गावात बसून एका बाईने येळवसेला पाहिलेलं कणीस सांभाळणं त्याचं काम नाही.

इथेच माझं खरं म्हणणं सुरू होतं. आपला कायदा सांगतो: आधी नोंदव, मग दाखव. आमचा धंदा सांगतो: दाखवल्याशिवाय विकत नाही, आणि विकल्याशिवाय कळत नाही की नोंदवण्याजोगं आहे की नाही. मोठ्या कंपनीत डिझाईन बंद खोलीत तयार होतं. तिथे वकील पगारावर असतो. आमच्याकडे भट्टी रस्त्याकडे तोंड करून आहे. येणारा जाणारा उंबऱ्यावर टेकतो, चहा पितो, काय चाललंय बघतो. शेजारचा कारागीर येऊन विचारतो, ही तार किती गेजची. बिदरी अशीच शिकली गेली आणि अशीच जगली. लपवून काम करणं या कलेला माहीतच नाही. हक्क हवा असेल तर आम्ही आमची रीत सोडावी असं आपला कायदा आम्हाला सांगतो, आणि तेही आम्हाला न सांगता.

दाखवण्याची ही अडचण नवी नाही. 1873 साली व्हिएन्नात मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरायचं होतं, तेव्हा कल्पना चोरीला जातील म्हणून बऱ्याच परदेशी शोधकांनी तिथे यायलाच नकार दिला. त्या भीतीतून पुढे 1883 चा पॅरिस करार झाला, ज्याचा भारत 1998 पासून सदस्य आहे. म्हणजे आपण ज्या व्यवस्थेचे प्रमुख आहात तिची मुळं एका प्रदर्शनातल्या भीतीत आहेत. आपल्या कायद्यातही कलम 21 आहे. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात दाखवलं, आधी आपल्या कार्यालयाला सूचना दिली आणि 6 महिन्यांत अर्ज केला, तर हक्क जात नाही. चांगलं कलम आहे. पण पुण्यातल्या कुठल्या मंगल कार्यालयातल्या दिवाळी प्रदर्शनासाठी राजपत्र निघेल? बचत गटांच्या बायका ज्या मेळ्यांत बसतात, त्यांना राजपत्र म्हणजे काय हे कोण सांगणार? कलम 16 मध्येही एक सवलत आहे: पहिली गोपनीय ऑर्डर घेतली तरी डिझाईन उघड झालं असं धरत नाहीत. पण ती फक्त कापडाच्या डिझाईनला. विणकराला जे मिळालं ते लोहाराला, कासाराला, बिदरीवाल्याला का नाही?

युरोपात डिझाईन दाखवल्यापासून 12 महिन्यांत नोंदवलं तरी चालतं, आणि न नोंदवलेल्या डिझाईनलाही 3 वर्षं नकलेपासून संरक्षण असतं. जपानातही वर्षाची मुदत आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये रियाधला डिझाईन कायद्याचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यातही 12 महिन्यांची ही सवलत आहे. त्या परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर भारताने सही केली आहे. मग ते एक वर्ष आम्हाला द्या. कायदा संसदेत बदलतो हे मला कळतं, पण संसदेपुढे काय जावं याची शिफारस आपल्या कार्यालयातून होते. एका वर्षात मी दहा नक्षी बाजारात नेईन, नऊ पडतील, एक चालेल, आणि त्या एकीसाठी 1,000 रुपये मी आनंदाने भरेन. आज मला दहाही आधी नोंदवाव्या लागतात, म्हणजे मी एकही नोंदवत नाही.

हे दुखणं बिदरीपुरतं नाही. आळंद तालुक्यात माझ्या मावसभावाचा मित्र वेल्डिंगचं दुकान चालवतो. आळंद कलबुर्गीतलं, आणि कलबुर्गी तुरीचा जिल्हा, तिथल्या तूरडाळीला 2019 मध्ये जीआयही मिळाला. तूर गुडघ्याच्या वर आली की शेंडे खुडतात, म्हणजे फांद्या फुटतात. हाताने खुडायचं तर मजूर मिळत नाहीत, म्हणून बॅटरीवर फिरणारं पातं काठीला लावलेली यंत्रं आली. या पोराने त्या पात्याभोवती तारेचा असा पिंजरा बसवला की पातं फक्त कोवळा शेंडा घेतं, खालच्या फांदीला लागत नाही. शेतकऱ्यांनी रांग लावली. पुढच्या हंगामात तोच पिंजरा, तसाच वाकवलेला, तालुक्याच्या बाजारात चार दुकानांत होता. त्याला पेटंट मिळेल का? यंत्र आधीच होतं, त्याची सुधारणा लहान आहे, पेटंटला लागणारी ‘कल्पक पायरी’ त्यात आहे का यावर परीक्षक मान हलवतील. डिझाईन? पिंजऱ्याचं मोल दिसण्यात नाही, कामात आहे, आणि डिझाईन कायदा काम बघत नाही. त्या पोराचं डोकं दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडलं.

जर्मनीत अशा लहान सुधारणांसाठी 1891 पासून वेगळा कायदा आहे. नोंदणीआधी सखोल परीक्षा नाही, नोंदणी लवकर, मुदत जास्तीत जास्त 10 वर्षं. चीननेही तसाच केला आणि तिथल्या लहान कारखान्यांनी तो भरभरून वापरला. आपल्याकडे औद्योगिक धोरण विभागाने 2011 मध्ये यावर चर्चेचा मसुदा काढला होता. पुढे काही झालं नाही. मी कायदेपंडित नाही. असा कायदा आला की क्षुल्लक गोष्टींवरही लोक हक्क सांगत सुटतील, हा आक्षेप मी वाचला आहे आणि तो खोटा नाही. पण त्या भीतीपोटी आळंदच्या वेल्डरला काहीच न देणं हा उपाय नव्हे. लातूर, उदगीर, भालकी, हुमनाबाद, आळंद, कुठल्याही औजारांच्या दुकानात जा. कोळप्याला, पेरणीयंत्राला, फवारणीच्या नळीला कुणीतरी काहीतरी जोडलेलं दिसेल. हा पट्टा शोध लावतो. त्याचं नाव कुठल्याच वहीत चढत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती न सांगता मागणं अप्रामाणिक होईल. बिदरी नकलेतून शिकली जाते. अशर्फी की बूटी, फूलझाडी, तीन पानांची वेल, या नक्षी कुणा एकाच्या नाहीत. चाचांनी त्या उस्तादाच्या नगावरून उचलल्या, मी चाचांच्या. उद्या एखादी मोठी कंपनी अशर्फी बूटीच आपल्या नावावर नोंदवून बसली तर? कोलकात्याला आपल्या डिझाईन शाखेत बसलेल्या परीक्षकाला ती बूटी जुनी आहे हे कळायला त्याच्यासमोर काहीतरी हवं. नोंदणी रद्द करून घेण्याची सोय कलम 19 मध्ये आहे, पण ती अर्ज करणाऱ्याच्या खर्चाने. औषधी वनस्पती आणि आयुर्वेदाच्या ज्ञानासाठी सरकारने 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश उभा केला, परदेशातली चुकीची पेटंट त्याच्या आधारावर अडवली गेली. तसा कोश नक्षींचा का नाही? बीदरच्या बिदरीचा, इरकलच्या काठांचा, पैठणीच्या मोर-बांगडीचा, कोल्हापुरी चपलेच्या वादीचा. जुनं सगळ्यांचं आहे हे पक्कं लिहून ठेवलं की नवं कुणाचं हे ठरवणं सोपं होईल. या कामासाठी बीदरमधले कारागीर आपल्याला दिवसाच्या मजुरीवर मदत करतील. 2023 मध्ये पद्मश्री मिळालेले शाह रशीद अहमद कादरी इथलेच आहेत.

कोल्हापुरी चपलेचं नाव निघालंच आहे. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर आरडाओरडा झाला. त्या चपलेचा जीआय महाराष्ट्रातल्या 4 आणि कर्नाटकातल्या 4 जिल्ह्यांचा आहे. सीमेवर राहणारी म्हणून मला तो जीआय फार जवळचा वाटतो. त्यात कोल्हापूर आणि बेळगाव एका ओळीत आहेत. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली ती फेटाळली गेली, कारण दाद मागायचा हक्क जीआयच्या नोंदणीकृत मालकांचा आहे. मालक म्हणजे दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. प्राडा जगाला दिसते, म्हणून गाजावाजा झाला आणि कंपनीला प्रेरणा कुठून घेतली ते मान्य करावं लागलं. माझ्या करंड्याची नक्कल करणारा कुणालाच दिसत नाही. तो एका नावाने दुकान उघडतो, बंद करतो, दुसऱ्या नावाने उघडतो. सोलापूरच्या चादरीलाही जीआय आहे, तरी दुसरीकडे विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जाते हे सोलापूरकर किती वर्षं सांगत आहेत.

आणि समजा मी वेळेत नोंदणी केली असती तर? डिझाईन कायद्याच्या कलम 22 प्रमाणे ठरावीक रक्कम मागायची तर एका चोरीला जास्तीत जास्त 25,000, आणि एका डिझाईनवर सगळं मिळून 50,000 रुपये. हे आकडे 2000 सालचे. त्याहून जास्त हवं तर नुकसान किती झालं ते सिद्ध करायचं आणि मनाईहुकूम मागायचा. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. समोरच्याने नुसतं म्हटलं की मुळात तुमची नोंदणीच चुकीची आहे, की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. आमच्यासाठी ते कलबुर्गी खंडपीठ. 2013 पासून ते कायम झालं आणि 2017 पासून बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, एवढं तरी आहे. पण तारखेला गेलेला दिवस भट्टीवरचा दिवस असतो. चाचांचं काम एक दिवस थांबलं की त्यांच्या घरात त्या दिवशी पैसे येत नाहीत.

ऑनलाइन दुकानांकडे मी तक्रार केली होती. त्यांचा पहिला प्रश्न: नोंदणी क्रमांक काय? क्रमांक नव्हता. तक्रार तिथेच मिटली. तेव्हा मला कळलं की आजच्या बाजारात कोर्टाच्या आधी तो क्रमांकच उपयोगी पडतो. म्हणून माझी सगळ्यात साधी मागणी कायदा न बदलता पुरी होण्यासारखी आहे. बीदर आणि कलबुर्गीच्या जिल्हा उद्योग केंद्रांत महिन्यातून एक दिवस आपला माणूस बसवा, जो कन्नड, मराठी आणि दखनीत बोलेल. फॉर्म 1 कसा भरायचा, वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो कसे काढायचे, नावीन्य नेमकं कशात आहे ते विधान कसं लिहायचं, हे तो शेजारी बसून करून घेईल. अर्ज मातृभाषेत घ्यायला आपल्याला अजून वेळ लागणार असेल तर निदान माहितीपत्रकं तरी कन्नड-मराठीत काढा. सरकारी मदतीने भरणाऱ्या प्रत्येक हस्तकला मेळ्याला कलम 21 लागू करायची शिफारस करा आणि स्टॉलचा अर्ज घेतानाच विक्रेत्याला ते सांगायची सक्ती करा. प्रदर्शनाच्या दारावर एक पाटी लावली तरी चालेल: दाखवण्याआधी नोंदवलंत का? ती पाटी त्या दिवाळीत पुण्यात असती तर हे पत्र मी लिहिलं नसतं.

करंडा गेला, त्याचा हिशोब मी बंद केला आहे. तो आता त्यांचाही आहे आणि माझाही. या संक्रांतीला नवीन काम सुरू केलं. हळदी-कुंकवाच्या वाणासाठी एक छोटं तबक, त्यावर तुरीच्या शेंगा. शेंग उघडलेली, आत दाणे, आणि एका शेंगेत एक दाणा कमी. तबकाला फिरकीचं झाकण आहे, ते कसं ते इथे लिहीत नाही. तार अर्धी बसवून झाली आहे. पूर्ण झालं की फोटो काढायचे, अर्ज पाठवायचा, आपल्या कार्यालयाची पावती आणि तारीख यायची, मगच ते बाहेर.

रस्त्याकडचं दार मी आता दुपारी लोटून घेते. शेजारचे दोघे कारागीर चहाला आले तेव्हा चाचांनी तबकावर त्यांचं खांद्यावरचं फडकं टाकलं. ते गेल्यावर फडकं काढून, काही न बोलता, पुन्हा तारेला बसले. तीस वर्षांत त्यांनी स्वतःचं काम कधी झाकलं नव्हतं.

पावतीची वाट पाहते आहे.

आपली विश्वासू,
बीदरमधली एक लहान उद्योजिका